पुसलेला बदाम

एका वकिलांच्या ऑफिससाठी मी सोशल मीडियावरच्या पोस्ट बनवते. मृत्युपत्राची पोस्ट लोक भराभर पुढे पाठवतात. ‘नवरा हात उगारत असेल तर’ ही मात्र काल कुणीच पाठवली नाही. आज दुपारी तिच्यावर एक लाल बदाम उमटला. नाव वरच्या मजल्यावरच्या मेधाचं. मी बघत असतानाच तो नाहीसा झाला. चाहूल लागताच कुणी दारातून आत व्हावं, तसा. किती जणी अशा उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरत असतील! वर काहीतरी जोरात पडलं आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

संध्याकाळी जिन्यात मेधाचा नवरा भेटला. हसून म्हणाला, “वहिनी, तुमची ती पोस्ट आमच्या घरीही पोचली बरं का!”

घराघरांत पोचावी म्हणूनच तर मी ती केली होती.