निवटी मरत नाय

गावात कोणालाही विचारा, काळूराम कसा होता. पहिलं हेच सांगतील की कंपनीला विकला गेला. साफ खोटं. विकला जाणारा माणूस काहीतरी घेतो तरी. काळूरामनं काय घेतलं? एक खाकी शर्ट आणि गमबुटांची जोडी, त्यातला डावा फाटका.

त्याचं घर खाडीला एवढं चिकटून की उधाणाचं पाणी ओट्याला लागायचं. शाळेत तो गेला नाही, पण चिखलातला त्याच्यासारखा माणूस पनवेलपासून बेलपाड्यापर्यंत नव्हता. निवट्या धरायच्या तर त्यानंच. निवटी म्हणजे बोटाएवढा मासा, डोळे कपाळावर चढवल्यासारखे. ओहोटी लागली की चिखलावर उड्या मारत फिरते आणि पावलाचा आवाज आला की बिळात. त्या बिळाला तोंडं दोन. एकावर टाच दाबायची, दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. बाकीचे वाकून, श्वास रोखून करायचे. काळूराम बिडी ओढत, दुसरीकडे बघत करायचा. बायको गुणाबाई त्याच निवट्या पाटीत घालून पनवेलच्या बाजारात न्यायची. पाटीतनं उड्या मारत असतानाच विकल्या जायच्या.

अठ्ठ्याऐंशी साली गावाच्या वरच्या अंगाला कंपनी सुरू झाली. कपड्याच्या रंगाला लागणारं केमिकल करायची. पहिल्याच वर्षी एका सकाळी खाडीत मेलेल्या माशांची पांढरी रेघ आली. गाव गेटवर गेलं. पुढे गोरख, पंचायतीतला, तोंडानं तिखट. साहेब लोक घाबरले. भोपाळ होऊन फार दिवस झाले नव्हते, गेटवर गर्दी बघितली की त्यांना तेच आठवायचं. त्यांनी कबूल केलं. सांडपाणी आधी साफ करू, मग शेवटी एका हौदातनं सोडू. हौदात मासे ठेवू. मासे जगले तर पाणी खाडीत जाईल, मेले तर वॉल, म्हणजे पाण्याची चावी, बंद. आणि माशांवर माणूस तुमच्याच गावचा.

गावानं काळूरामचं नाव दिलं. तो सगळ्यांसमोर बोलला, "मासा मेला आणि वॉल बंद नाय झाला, तर पयला मी येऊन सांगन."

हा शब्द त्यानं दिला होता. पुढचं सगळं ह्या शब्दावरच आहे.

कंपनीत सांडपाण्याचं बघायला विनायक नावाचा केमिस्ट होता. चिपळूणकडचा, तिशीच्या आतला, पनवेलला भाड्याच्या खोलीत राहायचा. काळूराम खाडीतनं बोय ह्या नाजूक माशाची पिल्लं आणून हौदात सोडायचा. पहाटे जाऊन बघायचा. एखादं पोट वर करून तरंगताना दिसलं की सरळ विनायकच्या टेबलाशी.

"सायेब, बोय उलटी झाली."

विनायक हातातला चहा टाकून पळायचा, स्वतः वॉलचं चाक फिरवायचा. मग चुना टाक, हवा सोड, पट्टी बुडवून रंग बघ. दुसऱ्या दिवशी नवी पिल्लं. ती जगली तरच चाक उलटं फिरायचं.

"मामा, माझं मशीन दुपारी सांगतं ते तुमचा मासा सकाळीच सांगतो," विनायक एकदा म्हणाला.

हे वाक्य काळूरामनं गावात किमान पन्नास जणांना ऐकवलं. गुणाबाई म्हणायची, "आता त्या माशाला पन खाकी शर्ट शिवा." पण तिलाही बरं वाटत होतं. दोन वर्षांत खाडीत चिंबोरी, मोठा खेकडा, परत दिसायला लागली. काम खरंच होत होतं. करायचं म्हटलं तर होतं, हे तेव्हा सगळ्यांनी डोळ्यानं बघितलं.

त्याच सुमारास गुणाबाईला बांधावर फुरसं चावलं. विनायकनं कंपनीची जीप काढली आणि तिला पनवेलच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर बोलले, अर्धा तास उशीर झाला असता तर बाई गेली असती. काळूराम त्या दिवसापासून विनायकचा झाला. कंपनीचा नव्हे, विनायकचा. लोकांना हा फरक कळला नाही.

एक्याण्णवला कंपनीनं दुसरा प्लांट टाकला. माल दुप्पट, घाण दुप्पट, साफ करायच्या टाक्या मात्र त्याच. बोया दर तिसऱ्या दिवशी मरायला लागल्या. वॉल बंद केला की सहा तासांत वरच्या टाक्या भरायच्या आणि प्लांट थांबवावा लागायचा. मॅनेजर कुमार साहेब एकदा सगळ्या कामगारांसमोर विनायकवर तापला.

"तू केमिस्ट आहेस की कोळी? दोन रुपयांच्या माशासाठी प्लांट बंद करतोस? पुढच्या वेळी तुझी खुर्ची बंद करतो."

दुपारी विनायकनं डबा उघडलाच नाही. हौदाच्या कट्ट्यावर बसून राहिला. काळूराम शेजारी येऊन बसला.

"जेवा सायेब."

"मामा, नवीन टाकीचा कागद मी वर पाठवलाय. चार-सहा महिन्यांत होईल. तेवढे दिवस निघाले पाहिजेत." मग म्हणाला, "जरा दणकट मासा नसतो का हो तुमच्यात?"

काळूरामला वाटलं, ह्या माणसानं माझी बायको मरणातनं परत आणून दिली, आणि मागतोय काय, तर मासा. त्यात प्रश्न त्याच्या धंद्यातला. त्या भरात तो बोलून गेला.

"निवटी. निवटी मरत नाय. पान्याभायेर पन जगते ती. फक्त मधी येक दगड ठेवा, बसाला."

दुसऱ्या दिवशी त्यानं तीस निवट्या आणल्या. दगडही स्वतःच उचलून हौदात ठेवला. निवट्या जगल्या. दुसऱ्या दिवशी जगल्या, आठव्या दिवशीही. एखाददुसरी मेली तर तो बदलायचा. वॉल पुन्हा बंद झाला नाही. विनायक डबा खायला लागला, कुमार साहेब गप्प झाला.

चार महिने गेले, सहा गेले. काळूरामनं टाकीचं विचारलं.

विनायकनं मान खाली घातली. "वरून नाही म्हणाले. मासे जगतायत ना, मग टाकी कशाला, म्हणाले."

काळूराम घरी गेला नाही, हौदावर गेला. उन्हात बराच वेळ बघत उभा राहिला. तिसाच्या तीस निवट्या दगडावर होत्या. एकमेकींच्या अंगावर चढून बसलेल्या, सगळ्यांची तोंडं वर. पाण्यात एक नव्हती. त्यानं काठीनं एकीला पाण्यात ढकललं. ती सुळकन परत दगडावर आली. त्यानं पुन्हा ढकललं, ती पुन्हा वर. सहा महिने तो रोज मोजत होता, जिवंत किती, मेल्या किती. बसल्यात कुठे हे त्यानं बघितलंच नव्हतं.

"सायेब, ह्या पान्यात जगत नाय. पान्याला चुकवून जगतान," तो विनायकला जाऊन म्हणाला. "बोया सोडूया परत."

"बोया सोडल्या तर मी उद्या घरी जाईन, मामा."

दिलेला शब्द एका बाजूला, आणि बायकोचा जीव वाचवणारा माणूस दुसऱ्या. काळूराम गप्प बसला. चुकलं असेल तर ते इथं चुकलं. तीन महिने तो गप्प होता.

तेवढ्यात गुणाबाई बाजारातनं भरली पाटी परत आणायला लागली. पनवेलच्या बायका मासा नाकाशी धरून खाली ठेवायच्या. म्हणायच्या, ह्याला फिनेलचा वास येतो. चिखलात उतरलेल्यांच्या पोटऱ्यांना पुरळ यायचं. चिंबोरी गेली. मग निवट्याही कमी झाल्या. हौदासाठी निवट्या धरायला काळूरामला पार बेलपाड्यापर्यंत चालत जावं लागायचं.

गुणाबाई एकदा चुलीशी बसून म्हणाली, "आपल्या खाडीत निवटी मरतेय आनि कंपनीच्या हौदात जगतेय. ह्यो कंचा न्याय हाय, सांगा मना."

त्यानं सांगितलं. दगडाचं, विनायकचं, सगळं. ती म्हणाली, "माज्या जिवावर गाव नका बुडवू."

गोरखनं सरकारकडे अर्ज केला होता. तपासणीचा साहेब मुंबईहून आला. हौदाभोवती गाव, कुमार साहेब, विनायक, सगळे उभे. विनायकची नजर जमिनीला. साहेबानं वाकून बघितलं.

"मासे तर जिवंत आहेत. कोण आणतं हे?"

"मी," काळूराम पुढे झाला. "सायेब, ही निवटी हाय. ही चिखलातली. हवा खाऊन जगते. पान्यात नाय, दगडावर बसलेय बघा." त्यानं काठीनं ढकलून दाखवलं. निवटी वर आली. "ह्यो दगड मीच ठेवला. माजी चूक हाय. बोय सोडून बघा, दुपारपर्यंत नाय जगनार."

गोरखनं त्याच्याकडे थुंकल्यासारखं बघितलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद पुढे धरला. "इथं एवढंच विचारलंय, मासे जिवंत की मृत. मी काय लिहू?"

"जिवंत," कुमार साहेब म्हणाला.

साहेबानं लिहिलं. जिवंत. खाली लिहिलं, मासे पुरवणारा, स्थानिक मच्छीमार काळूराम. बाटलीत पाणी भरून नेलं, त्याचं उत्तर काही आलं नाही. कागदाची नक्कल मात्र पंचायतीत आली आणि गोरखनं ती चावडीवर मोठ्यानं वाचली. सगळे होते तिथे, काळूराम बोलताना त्यांनी स्वतः ऐकलेलं. पण खाडी मेली की माणसाला जवळचा माणूस लागतो राग काढायला. कुमार साहेब कुठे हाताला लागणार होता?

कंपनीनं तपासणीच्याच दिवशी काळूरामला गेटबाहेर काढलं. खाकी शर्ट ठेवून घेतला. विनायक गेटपर्यंत आला, हातात पत्र्याचा डबा, त्यात हौदातल्या निवट्या. "तुमच्या आहेत, मामा," एवढंच बोलला. पुढच्या महिन्यात तोही नोकरी सोडून चिपळूणला गेला म्हणतात.

काळूराम डबा घेऊन ओहोटीला खाडीत उतरला. गुणाबाई बांधावर उभी राहिली. त्यानं डबा चिखलावर ओतला. निवटी म्हणजे कशी, चिखल दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत बिळात. ह्या गेल्या नाहीत. इकडेतिकडे बघितलं, आणि हौदातल्या दगडावर चढायच्या तशाच एकेक करून त्याच्या फाटक्या बुटावर चढून बसल्या. तो हलला नाही.

"चला आता," गुणाबाई बांधावरनं म्हणाली, "भरती येतेय."