जिन्याखालच्या मीटरची किल्ली

माझी आत्या कांदिवलीला तळमजल्यावर एकटी राहते. वय एकोणऐंशी, फुप्फुसं कामातून गेलेली. पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं आणि आत्या त्या मशीनवर चालते. इतकी साधी गोष्ट इमारतीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. वीज कंपनीला ठाऊक नव्हती, कारण तिच्या लेखी आत्या म्हणजे एक ग्राहक क्रमांक.

इमारतीचे सगळे मीटर जिन्याखालच्या जाळीत आहेत. जाळीला कुलूप, आणि किल्ली वर्षानुवर्षं आत्याच्या दारामागे खिळ्याला. कुणीही दार वाजवलं की आत्या किल्ली द्यायची आणि किल्लीबरोबर तांब्याभर पाणी. "उन्हातानाचा आलेला माणूस, त्याला कोरड्या तोंडाने कसं पाठवायचं?" असं तिचं म्हणणं. मीटर बघायला येणाऱ्यांना तर कधी चहाही मिळायचा.

त्या मे महिन्यात दुपारी कंपनीचा माणूस आला. चांगला चाळिशीतला, गळ्यात कार्ड. आत्याने नाकातली नळी काढली, भिंत धरत दारापर्यंत गेली, त्याला किल्ली दिली, पाणी दिलं. तो पाणी प्यायला. मग जिन्याखाली जाऊन त्याने आत्याचीच वीज कापली, कुलूप लावलं, किल्ली परत आणून दिली आणि "येतो मावशी" म्हणून निघून गेला.

आत्याला वाटलं, लाइट गेलीय, येईल. त्यासाठी कुणाला फोन करून त्रास द्यायचा? ती खिडकीशी वर्तमानपत्राने वारा घेत बसून राहिली. दोन तासांनी शेजारीण ताक घेऊन आली. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं म्हणून बरं. आत्याचे ओठ निळे पडले होते.

आत्या वाचली. ती हॉस्पिटलात असतानाच मी कंपनीच्या ऑफिसात गेलो, तो भांडायचं ठरवूनच.

"सर, तीन बिलं भरलेली नाहीत. नोटिसा मेलवर गेल्यात ना," काउंटरवरचा म्हणाला.

"एकोणऐंशी वर्षांची बाई मेल बघत बसते काय रे?"

"पेपरलेस आम्ही नाही केलं सर. तुमच्या साइडनेच झालंय."

"आणि तुमचा माणूस तिच्या दारात उभा राहून पाणी पीत होता, तेव्हा तोंडाने सांगता आलं नाही त्याला? तिच्या नाकावरचे नळीचे वळ दिसले नाहीत?"

"त्याच्या लिस्टवर मीटर नंबर असतो सर. माणूस नसतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी इतका ओरडलो की रांगेतली माणसं मागे सरकली. त्यावर त्याने खणातून एक फॉर्म काढला. घरात असं मशीन असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीसकट भरायचा, मग न कळवता वीज कापत नाहीत. म्हणजे सोय होती! खणात होती. वरातीमागून घोडं आलं ते असं. ज्या माणसाला तांब्याभर पाणी मिळालं त्याच्या हातात हा कागद दिला असता, तर काय बिघडलं असतं कंपनीचं?

घरी येईपर्यंत मी त्या सगळ्यांना शिव्या घालत होतो. मग 'तुमच्या साइडने' हे शब्द आठवले आणि शिव्या घालायला माणूस उरला नाही. पेपरलेस मीच केलं होतं. आत्याला रांगेत उभं राहायला नको म्हणून, मोठ्या रुबाबात, माझ्या ऑफिसच्या मेलवर. बिल यायचं, मी भरायचो. हिवाळ्यात नोकरी बदलली, जुना मेल बंद झाला, आणि मी विसरलो. साफ विसरलो. आत्या मात्र विसरली नव्हती. "अरे, लाइटबिल दिसत नाही हल्ली," असं ती मला दोनदा फोनवर म्हणाली होती. दोन्ही वेळा मी म्हणालो, "तू कशाला टेन्शन घेतेस? मी बघतो."

मी बघतो! म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि मग बघायचंच नाही, यात आम्ही भाचेमंडळी पटाईत. त्या कंपनीच्या माणसावर मी अजून चिडतो, पण आता तसं चिडायची मला लाज वाटते.

हॉस्पिटलात मी आत्याला सगळं खरं सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "तू बघतो म्हणाला होतास ना?" एवढंच तिने विचारलं.

फॉर्म भरला. कागदी बिल पुन्हा सुरू झालं, आता ते आत्याच्याच हातात पडतं. परवा मी तिची औषधं घेऊन गेलो, तर दार आतून बंद. वाजवलं.

"किल्ली इथे नाही. वरच्या मजल्यावर विचारा."

"आत्या, मी आहे गं."

कडी निघायला वेळ लागला. दारामागचा खिळा रिकामा होता. आत्या पलंगावर जाऊन बसली, नळी नाकात घातली. मी औषधं टेबलावर ठेवली. उन्हातून आलो होतो, घशाला कोरड पडली होती. पाणी मी माझ्या हाताने घेतलं.