टोटली

युनियनच्या नव्या पत्रकाच्या ओल्या शाईचा वास आला, त्यात मीच लिहिलेला ‘टोटली’ दिसला, आणि सुदाममामांचा उजवा हात आठवला.

मामा एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर होते. हात भाजल्यावर त्यांना फक्त हलकं काम हवं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, त्यांच्यासाठी इंग्रजीत अर्ज लिहिला: उजवा हात ‘टोटली’ निकामी.

“टोटली म्हंजे काय रे?”

“बिलकुल, पूर्णच.”

“पण दोन बोटं चालून राह्यली की!”

“मामा, जोरात लिहिल्याशिवाय हे लोक ऐकत न्हाईत.”

कारखान्याच्या साहेबानं आम्हा दोघांसमोर अर्ज वाचून चहा मागवला. मामांनी सवयीनं त्याच दोन बोटांत कपाचा कान धरला. साहेब हसला. अर्ज खोटा ठरला, मामा परत भट्टीवर गेले.

त्या साहेबाला मी तेव्हा हरामखोर म्हणालो, आजही म्हणतो. पण आता त्याचा चेहराही आठवत नाही. आठवतो तो वाफाळता कप, ओठांपाशी थांबलेला, आणि त्यावरून माझ्याकडे बघणारे मामा.

फाटकाबाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “तीन बोटं गेल्ती ना, तेवढं पुरं नव्हतं का रे?”