झाकलेला कॉम्प्युटर
घामट मोज्यांचा वास आला की मला मुलुंडचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो आणि आजही शिसारी येते. धूळ नको म्हणून चपला-बूट दाराबाहेर, एसीत मोज्यांचा वास कोंडलेला, आणि मशीनवर मखमली कव्हरं तशीच ठेवून सर वहीत व्याख्या उतरवून घ्यायला लावायचे. शेजारी पन्नाशीच्या एक काकू बसायच्या. साकीनाक्याच्या त्यांच्या कारखान्यात सगळं काम कॉम्प्युटरवर जाणार होतं. शिकल्या नाहीत तर नोकरी जाणार होती. एकदा त्यांनी कव्हर उचललं. "सर, एकदा चालू करून दाखवा ना." सर म्हणाले, "आधी व्याख्या पाठ करा, बाई. मशीन काय पळून चाललंय?" सगळे हसले. मीही फिदीफिदी हसले. काकूंनी कव्हर नीट सारखं केलं, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि त्या परत कधी आल्याच नाहीत. परवा सासूबाईंनी नव्या फोनवर बोट ठेवून विचारलं, "हे ब्राउझर म्हणजे काय गं?" मी घडाघडा बोलून गेले, "ब्राउझर हे इंटरनेटवरील माहिती पाहण्यासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर होय." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोनचं कव्हर मिटलं.