आईऐवजी घरघंटी

वादळाच्या दिवशी मी घरातली घरघंटी एकट्याने उचलून शाळेत नेली आणि आईला घरी विसरलो.

हे वाक्य हल्ली मी स्वतःच आधी सांगून टाकतो. मी नाही सांगितलं, तर रेवदंड्याच्या नाक्यावरून आमच्या गावाकडे येणाऱ्या रिक्षात बसलेला कुठलाही माणूस ते तुम्हाला सांगेल, आणि वर पदरची भर घालेल. एका आवृत्तीत मी आईला बाजूला सारून घरघंटी उचलली. ते साफ खोटं आहे. आई वाटेत नव्हतीच. ती आतल्या खोलीत पलंगावर होती. म्हणजे डोळ्यांआड होती, आणि माझ्या बाबतीत तेवढं पुरतं.

आमचे डॉक्टर म्हणतात, जिवावर बेतलं की माणसाच्या अंगात कुठून तरी अचाट बळ येतं. बाया लेकरासाठी गाड्या उचलतात, म्हातारे भिंती ओलांडतात. एरवी शरीर आपली सगळी ताकद आपल्याला वापरू देत नाही, स्नायू फाटतील म्हणून राखून ठेवतं. भीतीने ते कुलूप निघतं. मी त्यांना विचारलं, "आणि त्या वेळी अकलेचं काय होतं?" त्यांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघितला आणि म्हणाले, "ते माणसामाणसावर आहे."

माझ्या ताकदीबद्दल गावात मुळातच गैरसमज होता. मी न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला आहे, म्हणून निम्म्या गावाला वाटायचं की मी कंटेनर उचलतो. कंटेनर क्रेन उचलते. मी फोन उचलतो, तोही दोनदा वाजला तर. शिवाय मला कंबर आहे. सगळ्यांनाच असते, पण माझी दुखते, आणि तिच्या दुखण्यावर आमच्या घराचा कारभार चालायचा. तांदळाचं पोतं आलं, कंबर. गॅसची टाकी बदलायची, कंबर. तिच्यासाठी एक पट्टाही आणला होता. तो मी मुख्यतः पाहुणे यायच्या वेळी बांधायचो, म्हणजे त्यांच्या बॅगा कोणी उचलायच्या हा प्रश्नच निघायचा नाही.

घरघंटी बायकोची. कमरेएवढी उंच पेटी. वरून तांदूळ टाकायचे, खालून भाकरीचं पीठ घ्यायचं. आळीतल्या बायका दळण घेऊन यायच्या, म्हणून ती पडवीत, अगदी दाराशी ठेवलेली. ती जड आहे एवढंच मला ठाऊक होतं, कारण ती घरात आली त्या दिवशी मी पट्टा बांधून बसलो होतो.

आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचे लोक रिक्षाला भोंगा बांधून गावभर सांगत फिरले: समुद्रकाठच्या लोकांनी शाळेत यावं, घरं सोडावीत. मी ओटीवर बसून शेजाऱ्यांना वादळांचं शास्त्र समजावलं. वादळं आपल्याकडे नुसती तोंड दाखवतात आणि गुजरातला जातात. आजवर असंच झालंय. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन बोचकी बांधली.

बायको बचत गटाच्या बायकांबरोबर सकाळीच शाळेत गेली. येणाऱ्या माणसांसाठी खिचडी करायची होती. जाताना ती दारात थांबली.

"अहो, वारा वाढायच्या आत रिक्षा बोलवा आणि आईंना घेऊन या. दुसरं काही आणू नका. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"रिक्षा. आई."

"आई आधी म्हणा."

"आई. रिक्षा."

तिचं समाधान झालं नाही, पण खिचडी थांबली होती.

आईचे गुडघे गेलेले. पलंगावरून उठायचं तर एका बाजूने सून आणि दुसऱ्या बाजूने काठी. पाण्याचा तांब्या उचलताना तिचा हात कापायचा. म्हणजे तिला एकटं सोडता येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला तर कळलंच होतं. नुकतंच तोंडी परीक्षेत उत्तरही दिलं होतं.

रिक्षावाल्याचा फोन आला. "येऊ काय? ही शेवटची खेप हाय."

"जरा थांबून ये," मी म्हणालो. "माडांचा एक व्हिडिओ काढतोय. काय वाकतायत!"

तो काहीतरी बोलला, ते वाऱ्यात गेलं. रिक्षाही गेली.

व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. आधी माड वाकताना दिसतात. मग माझा आवाज येतो, "बघा, एवढंच असतं वादळ." मग मागचा माड अख्खा आमच्या स्वयंपाकघरावर येतो, आणि त्यानंतर नुसती पडवीची फरशी दिसते, हलणारी. छपरावर सिमेंटचे पत्रे होते. त्यातला एक माझ्या डोळ्यांसमोर उठला, पतंगासारखा गेला आणि नारळाच्या वाडीत फुटला.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते माझ्या सोयीचं आहे. घरातलं जड, मोलाचं, आपल्या जबाबदारीचं काहीतरी उचलून पळायचं आहे, एवढंच डोक्यात होतं. ते बरोबरच होतं. तपशिलात चूक झाली.

बाकीचं शेजारच्या काकूंनी बघितलं. त्या खिडकीची फळी लावत होत्या. त्यांचं म्हणणं, मी ती पेटी पोटाशी धरली होती, गाल तिच्यावर टेकवला होता, आणि रस्त्याने धावताना तिला म्हणत होतो, "घाबरू नको, मी आहे ना." काकू देवाधर्माच्या आहेत, खोटं बोलणार नाहीत. दुर्दैवाने.

शाळेच्या व्हरांड्यात मी ती ठेवली तेव्हा लोक बाजूला झाले.

"आयला, एकट्यानं?" कोणीतरी म्हणालं.

मी छाती काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी उचललं होतं आणि त्याला साक्षीदार होते.

बायको हातात डाव घेऊन बाहेर आली. तिने आधी घरघंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई कुठेत?"

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं. जणू आई मागून चालत येत असेल.

  तिने डाव शेजारणीच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि पावसात शिरली. मी मागे धावलो. म्हणजे धावायला गेलो. मघाचं सगळं बळ घरघंटीबरोबर व्हरांड्यात राहिलं होतं. कंबर, जिचं दुखणं मी इतकी वर्षं पदरचं सांगत आलो, ती त्या दिवशी पहिल्यांदा खरी दुखत होती. रस्त्यात सुरूचं झाड आडवं पडलेलं. बायको त्याच्याखालून गेली. मी वरून गेलो आणि पलीकडे तोंडावर पडलो. ती थांबली नाही. तिचं बरोबर होतं.

घर अर्धं उघडं पडलं होतं. आतल्या खोलीवरचे पत्रे गेले होते. पलंगावर पाऊस पडत होता, आणि आईच्या उशीवर, बरोबर डोकं असायचं तिथे, पत्र्याचा हातभर लांब तुकडा पडला होता.

इथे मी विनोद करत नाही. तेव्हाही सुचला नव्हता. बायको त्या उशीकडे बघत उभी राहिली. मी हाक मारली नाही. कारण हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

मग बायकोने जमिनीकडे बोट दाखवलं. लोखंडी कपाट कोसळून मागच्या दारात आडवं पडलं असावं, कारण आता ते तिथून हातभर बाजूला होतं आणि शहाबादी फरशीवर त्याचा लांब ओरखडा उमटला होता. कपाटात सगळ्या घराचे कपडे, आईची तांब्याची भांडी, माझी न वाचलेली पुस्तकं. दार उघडं होतं. दारापलीकडे न्हाणीघर. घरात तेवढ्यावरच स्लॅब होता, कारण वर पाण्याची टाकी ठेवायची होती.

न्हाणीघराला आतून कडी होती.

"आई!" बायको ओरडली.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी! मी पण आहे!" मी ओरडलो.

 मग आई म्हणाली, "घंटी पोचली काय रं?"

बायको तिथेच भिंतीला टेकली. ती रडते आहे की हसते आहे, ते मी विचारलं नाही.

वारा उतरेपर्यंत आम्ही तिघं त्या न्हाणीघरात होतो. दार प्लॅस्टिकचं, वाऱ्याने पोट फुगवल्यासारखं आत येत होतं. बायको त्याला पाठ लावून बसली. आई पाटावर. मी उपड्या बादलीवर. तेवढाच मान मला उरला होता.

"कपाट कोणी सरकवलं?" मी विचारलं.

"कोन सरकवनार? मीच. आडवं आलं व्हतं."

"तुला तर तांब्या उचलवत नाही!"

"तवा सून असते जवळ," आई म्हणाली. "आज कोन व्हतं?"

 मी बादलीवर सरकून बसलो.

"मी हाका मारल्या तुला," ती पुढे म्हणाली. "दारातनं दिसत व्हतास. वळून बघितलंस बी. 'आलो आलो' म्हनालास, नि गेलास."

"मला ऐकू नाही आलं गं."

"उत्तर दिलंस ना पन."

बायको दाराला पाठ लावून छताकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. वाऱ्यामुळे असतील.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा गावातले चौघं आले. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी उचललं आणि शाळेत नेलं. मी मागून तिची काठी घेऊन चाललो. शाळेत तिला पहिला मान, गरम खिचडी, कोरडं लुगडं. कपाटाची बातमी तिच्या आधीच पोचली होती. बाया तिच्या दंडांना हात लावून बघत होत्या. मला कोणी हात लावला नाही.

व्हरांड्यात पावसाची झड येत होती. "अहो, ती घरघंटी आत घ्या," बायको म्हणाली. "मोटर भिजेल."

हीच संधी, मला वाटलं. गेलेली थोडी अब्रू परत आणता येईल. मी बाह्या सरसावल्या, वाकलो, दोन्ही हातांनी पेटी कवटाळली आणि उचलली. म्हणजे माझ्या बाजूने मी उचलली. तिच्या बाजूने काही झालं नाही. पुन्हा जोर लावला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. पेटी जागची हलली नाही.

"काय दादा, दुपारचा जोर कुठं गेला?" मघाचाच कौतुक करणारा होता.

"दुपारची परिस्थिती वेगळी होती," मी धापा टाकत म्हणालो. "दोघं जण या इकडे. जड आहे, एकट्याचं काम नाही हे."

दोघं उठले. तेवढ्यात खुर्चीतून आईने खिचडीची ताटली बाजूला ठेवली.

"बसा रं तुमी," ती त्यांना म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात: "ढकल तिला. खाली चाकं हायत तिला, मेल्या. उचलायचं व्हतं ते मला."