दुसऱ्या कडव्यातले बाबा

निखिलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून डबा खात होते. "बाबा जेवून आडवे झाले ते... उठलेच नाहीत गं," एवढंच तो म्हणाला. माझे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, पण केस शेवटपर्यंत काळे कुळकुळीत. शनिवारी त्यांच्या बँडचा शो होता, म्हणून गेले त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी साग्रसंगीत कलप लावला होता. रडता रडता मला ते आठवलं आणि चक्क हसू आलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले, तरी बाबांची आठवण आली की आधी हसूच येतं.

सासूबाई गेल्यावर बाबा सांगलीहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आले. सांगलीला ते दिवसा कोर्टात टायपिस्ट आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात ऑर्गनवादक. बोटांना उसंत अशी नव्हतीच. इथे आम्ही दोघं ऑफिसला, नात शाळेत, आणि बाबा खिडकीत बसून समोरच्या टाउनहाउसची गॅरेजं उघडताना-मिटताना बघणार. कंटाळून ते रोज सकाळी कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानापर्यंत फिरायला जायला लागले. दुकान सोफलचं. ती कंबोडियाची, सत्तरीच्या आसपास; माझी मुलगी तिला मावशी म्हणते, म्हणून आम्हीही. एकदा तिथे जुनं कंबोडियन गाणं लागलं होतं, बाईचा उंच आवाज आणि मागे ऑर्गन. बाबा कॉफी विसरून काउंटरवर बोटं चालवायला लागले. "अगं, हा तर आमचाच ऑर्गन," घरी आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं. "भाषा ओ की ठो कळली नाही, पण पुढे काय येणार ते आधीच कळत होतं."

मावशीची मुलगी लीना इथेच जन्मलेली. तिचा बँड हीच गाणी वाजवतो, पण साठच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकसारख्या घुमत, लांबत जाणाऱ्या गिटारींसकट. त्यांच्याकडे ऑर्गनवाला नव्हता, हे कळल्यावर बाबांनी मी वाजवतो म्हणून सांगूनच टाकलं. निखिलने कपाळाला हात लावला. "बाबा, प्लीज, जरा वयाचं बघा. तिथे सगळे तिशीतले आहेत." "मग त्यांनी माझं ऐकावं," बाबा म्हणाले. तालमीला त्यांना ड्राइव्ह करून न्यायचं काम अर्थातच सुनेकडे आलं. लीनाच्या गॅरेजमध्ये बाबा पहिल्याच दिवशी ड्रमरवर डाफरले, "टू फास्ट! ठेका पळतोय!" महिन्याभरात तो गोरा पोरगाच इतरांना "ठेका, ठेका" म्हणून दटावायला लागला. पहिल्या शोला आमची मराठी मंडळी आली आणि सवयीने "वन्स मोअर" ओरडली. बँडला वाटलं, काहीतरी चुकलं. बाबांनी मात्र लगेच तेच गाणं पहिल्यापासून सुरू केलं. "वन्स मोअरला नाही म्हणायचं नसतं," हा त्यांचा नियम होता, आणि तो बँडने मुकाट्याने मान्य केला.

सोफलमावशी मात्र शोला कधी आली नव्हती. तिची आई कंबोडियात, नॉम पेन्हमध्ये गायची. सत्तरच्या दशकात आलेल्या राजवटीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मारलं, रेकॉर्डी नाहीशा केल्या. तिची आईही त्यातच गेली. आईचं एक गाणं मावशीला येत होतं, तेही फक्त पहिलं कडवं. दुसरं काही केल्या आठवत नव्हतं. चाळीस वर्षं तिने ओळखीच्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारून पाहिलं होतं. अर्धं गाणं गाऊन आईचा अपमान नको, म्हणून ती ते लीनालाही शिकवत नव्हती. आपल्याबरोबर ते संपणार, हे ती ओळखून होती.

बाबांनी ते तिच्याकडून गुणगुणून घेतलं. मग चार-पाच सकाळी दुकानात जाऊन, डोनटच्या रिकाम्या गुलाबी डब्यावर बोटं आपटत काहीतरी जुळवत बसले. शेवटी मोडक्या इंग्रजीत तिला म्हणाले, "पहिलं तुमची मुलगी गाईल. दुसऱ्याच्या जागी मी वाजवतो. शब्द सापडले की सांगा, मी गप्प बसेन." मग मावशीने लीनाला बोलावून घेतलं. दोन वर्षं ते गाणं तसंच वाजलं. दुसऱ्या कडव्याच्या जागी बाबांचा ऑर्गन, आणि त्यात मधेच एक मुरकी, जी कंबोडियाची नसून शुद्ध सांगलीची होती.

बाबा गेले आणि त्यांच्याबरोबर ते कडवंही दुसऱ्यांदा गेलं, असंच मला वाटलं. गेल्या रविवारी लायब्ररीमागच्या हिरवळीवर बँडने त्यांच्यासाठी कार्यक्रम केला. दुसऱ्या कडव्याच्या जागी तेवढा वेळ नुसती शांतता ठेवायची, असं लीनाने ठरवलं होतं. पहिलं कडवं संपलं, वाद्यं थांबली... आणि पहिल्या रांगेतून सोफलमावशी गायला लागली. शब्द नव्हतेच. बाबांनी वाजवलेला सूर न् सूर ती तोंडाने म्हणत होती, मुरकीसुद्धा सोडली नाही. माझ्या शेजारी निखिल हमसून रडत होता आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून हसत होते. मागून कुणीतरी मराठीच माणूस "वन्स मोअर" म्हणाला, आणि ती पुन्हा गायली.

नंतर तिला विचारलं, आईचं खरं कडवं कधी सापडलं तर? ती म्हणाली, "सापडलं तर तिसरं म्हणून गाऊ."