लाल पाटी न लावलेली तार

कारखान्यात त्याला सगळे ‘बंदपाड्या’ म्हणायचे. नाव ठेवणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. त्याची नोकरीच मुळी चालती मशीन बंद पाडण्याची. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या शाफ्टजवळ, त्याला न शिवता, पेन्सिलीएवढा एक सेन्सर बसवलेला होता. शाफ्ट किंचित थरथरला तरी बंदपाड्याच्या पॅनेलमधल्या कार्डाला कळायचं. थरथर हद्दीबाहेर जाऊन तीन सेकंद टिकली की रिले, म्हणजे मशीन तोडणारा स्विच, पडायचा, वाफ तुटायची आणि टर्बाइन थांबायची.

मग शिव्या सुरू. थांबलेली मशीन सगळ्यांना दिसते. न फुटलेली कुणाला दिसते? बावीस वर्षांत त्याला एकदाही शाबासकी मिळाली नाही. तुझं कार्डच बिघडलं असणार, हे मात्र दर खेपेला ऐकवलं जायचं. तो कार्ड काढायचा, तपासायचा, परत बसवायचा.

त्याचा एक नेम होता. तपासणीसाठी रिलेला बगल देणारी तार जोडावी लागली, तर तिथे लाल पाटी लटकवायची आणि तिच्यावर स्वतःचं नाव लिहायचं. तार बोटभर, पण ती असेपर्यंत मशीनच्या रखवालदाराचे हात बांधलेले. पाटीशिवाय तार जोडणाऱ्या एका सहकाऱ्याशी त्याने वर्षभर अबोला धरला होता.

टर्बाइनचा ऑपरेटर त्याचा सख्खा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच त्याला शिकवलं आणि इथे चिकटवलं. धाकट्याची सुपरवायझरची बढती तोंडावर आली आणि नेमकं तेव्हाच पुढचं बेअरिंग कुरकुरायला लागलं. मशीन दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तर बढती विसर, असं साहेबाने धाकट्याला सुनावलं. तार जोडा, असं काही तो म्हणाला नाही. असली माणसं तसं कधी म्हणत नसतात.

दुपारी धाकट्याने पॅनेलरूममध्ये येऊन दार लोटून घेतलं.

“दादा, चार दिवस ती तार जोडून ठेव ना. पुढे दुरुस्तीचं शटडाउन आहेच. आणि पाटी नको लावूस, साहेब रोज इथून जातो.”

बेअरिंग खरंच जातंय, असं थोरल्याने परोपरीने सांगून पाहिलं.

“तुझा जन्म बंद पाडण्यात गेला,” धाकटा म्हणाला. “एकदा माझ्यासाठी चालू ठेव.”

हे वर्मी लागलं. त्याने तार जोडली. पाटी खिशातच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेअरिंग गेलं. पॅनेलवर लाल दिवा लागला, रिले मात्र ढिम्म. थोरल्याने धावत येऊन तार उपटली, तोवर तेलाचा पाइप फुटून आग लागली होती. हाताने वाफ बंद करायला गेलेल्या धाकट्याचा उजवा हात भाजला. दोन बोटं गेली.

चौकशीत थोरल्याने तार आपणच जोडल्याचं कबूल केलं. कुणाच्या सांगण्यावरून, याला उत्तर दिलं नाही. ते धाकटा आपण होऊन देईल, अशी त्याला वेडी आशा होती. धाकट्याने हातावरच्या बँडेजकडे पाहिलं.

“पॅनेल त्यांच्याकडे असतं,” तो म्हणाला. “मला त्यातलं काही माहीत नाही.”

थोरल्याची रवानगी स्टोअरमध्ये झाली. धाकटा सुपरवायझर झाला, जिवावर उदार होऊन मशीन बंद केली म्हणून त्याचा सत्कारही झाला. मशीन बंद पाडल्याबद्दल त्या कारखान्यात टाळ्या वाजल्या त्या तेवढ्याच.

आता लाल पाट्या स्टोअरमधून, सही घेऊन मिळतात. परवा धाकटा काउंटरवर आला. बोलायला लागल्यापासून त्याने दादाला ‘अरे-तुरे’च केलेलं.

“एक लाल पाटी द्या.”

थोरल्याने पाटी दिली, रजिस्टर पुढे सरकवलं. धाकट्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि वर न बघता निघून गेला.

चौकशीतलं खोटं थोरल्याने केव्हाच पोटात घातलं होतं. ते ‘द्या’ मात्र त्याला पचेना.